ओझे वाहणाऱ्यांनी आता दोर पुढे न्यावा

अकोले तालुक्यातील राजूर गाव पेढ्यांसाठी प्रसिद्ध आहे, तसेच आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयासाठीही. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची माणसे आश्रमशाळेची, वसतिगृहाची, योजनांची कामे घेऊन या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात. शनिवार उजाडला की याच गावातून वेगळी माणसे जातात. मुंबई-पुण्याच्या गाड्या पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडाकडे, रतनवाडीला रतनगडाकडे, साम्रदला सांदण दरीकडे निघतात. गाड्यांच्या टपावर दोर आणि पाठपिशव्या, आत हेल्मेट आणि हार्नेस घातलेले तरुण.

त्यांच्याबरोबर गावातली पोरे निघतात. पाण्याचे कॅन, तंबू, भांडी त्यांच्या पाठीवर असतात. वाट तेच दाखवतात, चूल तेच पेटवतात. कड्याच्या पायथ्याशी पोचल्यावर मात्र कामाची वाटणी बदलते. दोर शहरातला आरोहक कमरेला बांधतो आणि वर जातो. गावातला पोरगा सामानापाशी बसून राहतो. रात्री कोणी वाट चुकला, दरीत अडकला, तर बॅटरी घेऊन शोधायला पहिली हाक त्यालाच जाते.

ही वाटणी कोणी कागदावर लिहिलेली नाही. तरीही आमच्या वाचकांना ती चांगलीच ओळखीची वाटेल. श्रम एकाचे आणि पुढारपण दुसऱ्याचे, ही या देशातील जुनी रीत आहे. डोंगरावर ती कोणी दुष्टपणाने आणली असे मी म्हणणार नाही. अनेक गिर्यारोहण संस्था गावकऱ्यांशी आपुलकीने वागतात. परंतु आपुलकी आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून प्रश्न असा, की राजूर परिसरातील मुलामुलींना दोर घेऊन पुढे जायला कोणी शिकवणार आहे की नाही?

मी वकील आहे, गिर्यारोहक नाही. या विषयात मी पडलो तो एका प्रकरणामुळे. काही वर्षांपूर्वी एक आदिवासी तरुण माझ्याकडे आला. शहरातील एका गटाचे सामान वाहताना, त्यांच्यासाठी दोर वर पोचवण्याच्या खटपटीत तो पडला आणि त्याचा घोटा मोडला. गटाचे म्हणणे असे, की तो आमचा कामगार नव्हता, हौसेने आला होता. त्याच्याकडे ना नेमणुकीचा कागद, ना विमा, ना प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. भरपाई मागायला लागणारा एकही पुरावा नव्हता. मी त्याला विचारले, 'दोर बांधून पुढे जायला तुला शिकवले कोणी?' तो म्हणाला, 'साहेब, बघून बघून शिकलो.' या 'बघून बघून' शब्दांनी मला या विषयाची पुस्तके वाचायला आणि जाणकारांना प्रश्न विचारायला भाग पाडले.

आधी हे 'लीड' करणे म्हणजे काय ते समजून घेऊ. नवशिका आरोहक कातळावर चढतो तेव्हा दोर बहुधा वरून येतो. कोणीतरी आधीच वर जाऊन तो अडकवलेला असतो. हात सुटला तर माणूस वीतभर खाली येतो आणि लटकतो. पण तो दोर वर नेला कोणी? जो नेतो तो लीडर. त्याचा दोर खालून येतो. खाली उभा असलेला साथीदार, ज्याला बिलेअर म्हणतात, तो दोर जरुरीप्रमाणे सोडतो आणि आवळतो. लीडर चढता चढता कातळात ठोकलेल्या बोल्टमध्ये किंवा मेखेत कडी अडकवतो आणि कडीतून दोर ओवतो. तो पडला तर शेवटच्या कडीपर्यंत आणि तिच्या खाली तेवढाच पडतो.

हिशेब करून पाहा. शेवटचा बोल्ट जमिनीपासून ४ मीटरवर आहे आणि लीडर ६ मीटरवर पोचला आहे. तो बोल्टच्या २ मीटर वर आहे, म्हणजे पडला तर ४ मीटर पडणार. सहातून चार गेले, उरले दोन. त्यात दोराचा ताण, बिलेअरने सैल ठेवलेला दोर आणि झटक्याने बिलेअरचे उचलले जाणे हे मिळवले, तर पाय जमिनीला लागू शकतात. हीच ४ मीटरची पडझड २० मीटर उंचीवर झाली तर बाहेर असलेला लांब दोर ताणला जाऊन झटका पुष्कळसा गिळतो. म्हणजे पहिले काही मीटर दिसायला सोपे आणि प्रत्यक्षात सर्वांत धोक्याचे. हे गणित सहावीच्या मुलालाही समजते, पण ते कोणी तरी फळ्यावर मांडावे लागते. बघून बघून ते कळत नाही.

दोराचेही तसेच. लीडसाठी लागणारा दोर ताण घेणारा असतो. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या कसोटीत अशा एकेरी दोरावर ८० किलोचे वजन वारंवार पाडून पाहतात, आणि पहिल्या झटक्याचा जोर १२ किलोन्यूटनपेक्षा जास्त चालत नाही. रॅपलिंगचा दोर मुद्दामच न ताणणारा बनवलेला असतो. त्यावर लीडर पडला तर सगळा झटका त्याच्या कमरेवर आणि बोल्टवर येतो. दुकानात दोन्ही दोर सारखेच रंगीबेरंगी दिसतात. बाजारातून आणलेल्या नायलॉनच्या दोरखंडाची तर गोष्टच नको. फरक न शिकवता पोराच्या हातात दोर देणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे.

आता कोणी म्हणेल, आदिवासींच्या पोरांना कडे चढायला काय शिकवायचे, ते तर रोज चढतात! हे कौतुक ऐकायला गोड आहे, पण त्यात एक फसवणूक आहे. राघोजी भांगरे याच तालुक्यातील देवगावचे. सावकारशाही आणि इंग्रज सत्तेविरुद्ध ते याच डोंगरांच्या आधाराने लढले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. इथल्या माणसाला कड्याची ओळख आहे यात शंकाच नाही. मधासाठी कड्यावरून उतरणारी माणसे आजही आहेत. अलंग-मदन-कुलंगच्या पायथ्याशी आंबेवाडीची पोरे पर्यटकांना दोर लावून देतात. परंतु उपजत चपळाई आणि दोराचे शास्त्र यांत फरक आहे. 'तुम्हाला उपजतच येते' असे म्हणून ज्यांचे शिक्षण टाळले गेले, त्यांना पुढे पगारही उपजत कामाचाच मिळाला. वाटाड्याला मजुरी मिळते, प्रशिक्षकाला मानधन. मधे उभे असते ते प्रमाणपत्र.

आपल्या मुलांना संधी मिळाली तर काय होते याचे दाखले ताजे आहेत. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील समाजकल्याण निवासी शाळांचे सचिव, पोलीस अधिकारी आर. एस. प्रवीणकुमार यांनी आपल्या विद्यार्थ्यांना भोनगिरच्या कातळावर प्रस्तरारोहण शिकवायला घेतले. त्यांतून निवडलेली मालावत पूर्णा ही आदिवासी मुलगी वयाच्या चौदाव्या वर्षात, २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोचली. तिच्यासोबत साधनपल्ली आनंदकुमार हा दलित मुलगा होता. शिखरावर त्यांनी बाबासाहेबांचे आणि शोषितांसाठी झिजलेले सनदी अधिकारी एस. आर. शंकरन यांचे छायाचित्र नेले. आपल्या राज्यातही आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य'मधून मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर गेले: मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडवी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम. या मुलांनी आपली मान उंच केली आहे.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. एव्हरेस्टच्या नेहमीच्या वाटेवर दोर आधीच लावलेले असतात. ते लावतात शेर्पा. चढणारा त्या दोराला स्वतःला अडकवून वर जातो. त्यात अफाट कष्ट आहेत, जिवाचा धोका आहे. पण दोर पुढे नेण्याची विद्या त्यात येतेच असे नाही. मोहीम संपते, सत्कार होतात, हार वाळतात. गावात परतलेल्या मुलाच्या हाती पुढच्या दहा मुलांना शिकवण्याची विद्या आली का, हा खरा हिशेब आहे.

आणि त्या शेर्पांकडे पाहा. पिढ्यान् पिढ्या त्यांची ओळख हमाल अशी होती. १९५३ मध्ये तेनसिंग नोर्गे एव्हरेस्टवर पोचले. १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट निघाली, तेव्हा तेच तिथले क्षेत्र प्रशिक्षण संचालक झाले. ओझे वाहणाऱ्यांतला माणूस गुरूच्या जागी बसला. पुढे २००३ साली नेपाळमध्ये खुंबूतील फोर्त्से गावात स्थानिकांसाठीच आरोहण शाळा सुरू झाली. कारण सरळ होते: जे लोक परक्यांसाठी आयुष्यभर दोर लावत होते, त्यांनाच गाठी, बिले, बचावकार्य यांचे पद्धतशीर शिक्षण मिळालेले नव्हते. १६ जानेवारी २०२१ रोजी केटू शिखर हिवाळ्यात पहिल्यांदाच सर झाले. ते करणारे दहाच्या दहा जण नेपाळी होते. फोर्त्सेला जे जमले ते राजूरला का जमू नये?

मग शिकवायचे कसे? इथे घाई करणाऱ्यांना आवर घालणे हे पहिले काम. जाणकारांकडून मला जो क्रम समजला तो पालकांनी आणि शिक्षकांनी नीट ध्यानात ठेवावा.

पहिली पायरी बिलेची. जो दुसऱ्याला धरू शकत नाही त्याने पुढे जाऊ नये. लीडरला दोर देणे हे वरून लावलेल्या दोरापेक्षा अवघड असते. कधी पटकन सोडायचा, कधी आवळायचा, उभे कुठे राहायचे, हे सगळे सरावानेच येते. ब्रेकचा हात दोरावरून एक क्षणही सुटता कामा नये. याच काळात शिकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकावर चढावे, लीडरने लावलेल्या कड्या काढत जावे आणि त्या कशा लावल्या होत्या ते पाहावे.

दुसरी पायरी जमिनीवरची. शाळेच्या भिंतीला किंवा झाडाला छातीइतक्या उंचीवर कडी टांगा. उजव्या हाताने आणि डाव्या हाताने शंभर वेळा दोर ओवायला लावा. दोर कातळाच्या बाजूने येऊन आपल्या बाजूला बाहेर पडला पाहिजे. उलटा ओवला तर पडताना कडीचे तोंड उघडून दोर निसटू शकतो. दोर पायाच्या मागून गेला तर पडणारा उलटा होतो आणि डोके आपटते. या चुका जमिनीवर झाल्या तर हसून सुधारता येतात.

तिसरी पायरी नकली लीडची. मुलाला वरून एक दोर बांधलेला असतो, तोच त्याला सांभाळतो. दुसरा दोर तो खालून घेऊन जातो आणि लीडर असल्यासारखा ओवत जातो. चूक झाली तर शिक्षक तिथेच दाखवतो, जीव मात्र पहिल्या दोरावर सुरक्षित असतो. ही पायरी गाळून मुलांना थेट पुढे पाठवणारा शिक्षक कितीही मोठा आरोहक असो, त्याच्या हाती आपली मुले देऊ नयेत.

चौथी पायरी पडण्याची. पडायचे कसे हेही शिकावे लागते. आणि इथे आपल्या सह्याद्रीचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसून हे डोंगर झाले. म्हणून आपल्या कड्यांना पायऱ्या-पायऱ्यांसारखे कट्टे आहेत, सुटे दगड आहेत, फटींत गवत आहे. सरळ गुळगुळीत भिंतीवर पडणारा हवेत लटकतो, आपल्याकडे पडणारा मधल्या कट्ट्यावर आदळतो. त्यामुळे पडण्याचा सराव मुद्दाम निवडलेल्या, कट्टे नसलेल्या जागी, उंचावरच्या भक्कम बोल्टवर आणि जाणत्या माणसासमोरच व्हावा. इतर ठिकाणी शिकवायचे ते पडणे टाळायला आणि चढलेले उतरून यायला. बोल्ट चार महिन्यांच्या पावसात गंजतात. त्यांच्यावर भरवसा ठेवण्याआधी ते तपासायला हवेत. आग्या मोहोळ दिसले तर त्या दिवशी तो कडा सोडून द्यावा.

पाचवी पायरी पहिल्या खऱ्या लीडची. मार्ग मुलाच्या ताकदीपेक्षा बराच सोपा असावा, वरच्या दोरावर त्याने तो अनेकदा चढलेला असावा, कड्या आधीच टांगलेल्या असाव्यात आणि शिक्षक शेजारच्या दोरावर सोबत असावा. कोकणकड्याचे फोटो दाखवून मुलांना भुलवू नये. गावाजवळचा पंधरा मीटरचा कातळ पहिल्या वर्षासाठी पुष्कळ आहे. वर पोचल्यावर दोर कड्यांतून ओवताना स्वतःला आधी बांधून घेणे आणि उतरताना दोराच्या टोकाला गाठ मारणे, या दोन सवयी हाडीमाशी भिनवाव्यात. चढून झाले या आनंदात उतरताना जीव गेलेले आरोहक जगभर आहेत.

या सर्व पायऱ्यांहून मोठी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या समाजाशी थेट निगडित आहे. ती म्हणजे 'नाही' म्हणण्याचा अधिकार. आश्रमशाळेतील मूल सरांना नाही म्हणत नाही. घरापासून दूर, सरांच्या शब्दावर जेवण आणि राहणे अवलंबून. त्याला कड्याखाली उभे करून 'जा वर, घाबरतोस काय?' म्हटले, तर ते भीतीपोटी जाईल. बाहेरच्यांना ते धाडस वाटेल. प्रत्यक्षात ती आज्ञाधारकता असते, आणि आज्ञाधारकतेने लीडर तयार होत नाही. कड्याच्या मध्यावर आदेश द्यायला सर नसतात. पुढे जायचे की परत फिरायचे, हा निर्णय त्या मुलाला किंवा मुलीला एकट्याने घ्यायचा असतो. म्हणून 'सर, आज मला जमणार नाही' हे वाक्य जो शिक्षक शाबासकी देऊन ऐकून घेतो, तोच लीड शिकवायला लायक.

तथागतांनी कालामांना सांगितले, की परंपरेने चालत आले म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा. कातळावर हा उपदेश शब्दशः लागू आहे. चढण्यापूर्वी लीडरने बिलेअरची आणि बिलेअरने लीडरची गाठ, बक्कल, कडी डोळ्यांनी पाहून, हाताने ओढून तपासायची असते. शिक्षकाची गाठही विद्यार्थ्याने तपासायची असते. ज्या मुलाने आपल्या गुरुजींची गाठ बिनदिक्कत तपासली, तो उद्या तलाठ्याचा उताराही तपासेल आणि ग्रामसभेचे इतिवृत्तही. हा फायदा मला शिखरापेक्षा मोठा वाटतो.

आता कायद्याकडे वळू. उच्च न्यायालयातील एका जनहित याचिकेनंतर राज्य शासनाने साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेबाबत २०१४ मध्ये शासन निर्णय काढला, २०१८ मध्ये नवा काढला. २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आले. त्यात आयोजकांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आणि प्रशिक्षित माणसे यांवर भर आहे. सुरक्षिततेसाठी हे हवेच होते. पण नियमांची दुसरी बाजू पाहा. प्रमाणपत्राची अट आली आणि प्रमाणपत्र मिळवायची सोय गावात आली नाही, तर जो अनेक वर्षे त्या डोंगरावर काम करतो तोच उद्या बेकायदा ठरेल आणि शहरातला कागदवाला कायदेशीर. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक, ॲडव्हान्स आणि त्यापुढे शिकवण्याच्या पद्धतीचा अभ्यासक्रम असा क्रम आहे. राजूरच्या गरीब पोराला तिथवर जायचे भाडे, फी आणि बुडालेली मजुरी कोण देणार? संविधानाचे ४६ वे कलम अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक आणि आर्थिक हित विशेष काळजीने जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. ही जबाबदारी वर्गाच्या चार भिंतींपुरती आहे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने परिसरातील आश्रमशाळांच्या मोठ्या मुलामुलींसाठी आणि गावातील वाटाड्या तरुणांसाठी प्रस्तरारोहणाचे वर्षभर चालणारे वर्ग सुरू करावेत, एका मोहिमेपुरते नव्हे. पालकांची लेखी संमती त्यांना समजेल अशा भाषेत, धोका सांगून घ्यावी. दोर, हेल्मेट आणि हार्नेस यांच्या खरेदीची तारीख आणि वापराची नोंद वहीत असावी आणि मुदत संपलेला दोर कापून टाकावा. पुढे जाणाऱ्या तरुणांना उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगचा पूर्ण खर्च मिळावा आणि परत आल्यावर त्यांनाच प्रशिक्षक म्हणून मानधनावर नेमावे. सोबत नेल्या जाणाऱ्या प्रत्येक स्थानिक तरुणाचा विमा आयोजकाने उतरवावा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, तेव्हा कोणत्या कातळावर सराव करायचा, कुठे बोल्ट ठोकायचे, हे वन खात्याबरोबर ग्रामसभेलाही विचारूनच ठरावे.

मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहण संस्थांनाही एक विनंती आहे. आपल्याकडे विद्या आहे, साधने आहेत. पुढच्या वेळी पाचनईला किंवा साम्रदला याल, तेव्हा सामान वाहणाऱ्या दोन पोरांना एक दिवस जास्त थांबून बिले शिकवा. तिसऱ्या-चौथ्या भेटीत नकली लीडपर्यंत न्या. तुम्ही अडकाल तेव्हा तुम्हाला सोडवायला येणारी हीच पोरे आहेत, हे विसरू नका.

आणि आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी हा विषय डोंगरातल्या हौशी लोकांचा म्हणून बाजूला टाकू नये. प्रकल्प कार्यालयात जा, या मागण्यांचे निवेदन द्या, त्याची पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात क्रीडा आणि साहसी उपक्रमांवर झालेला खर्च विचारा. राजूरच्या आश्रमशाळेतील एखादी मुलगी स्वतःची गाठ स्वतः बांधून, साथीदाराची तपासून, 'चढते' असे सांगून पहिला बोल्ट गाठेल आणि तिचा दोर खालून दुसरी मुलगी सावधपणे सोडत असेल, तेव्हा या कामाची खरी सुरुवात झाली असे समजू.